गोवराची सुई बाकीच्या आजारांतही कामाला येते का?

कर्नाटकातल्या, बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात आशा म्हणून काम करताना मला बारा वर्षं झाली. आमच्याकडे गुरुवारी अंगणवाडीत लस असते. बाळाला मांडीवर घेऊन बसलेली कुणीतरी हमखास विचारते, “अक्का, ह्या सुईनं बाकीचे आजार बी टळतात काय?” काही लसींनी टळतात. कसे टळतात आणि त्यासाठी घरात काय करायचं, ते सांगते.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो गोवराच्या सुईनं. गोवर आला, पुरळ उठलं, आठवड्यात सुकलं, एवढ्यावर तो थांबत नाही. शरीरानं आधी ओळखून ठेवलेल्या जंतूंची आठवण तो पुसून टाकतो. नेदरलँड्समध्ये लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं होतं. २०१९ साली निष्कर्ष आला: मुलागणिक ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं, म्हणजे जंतू ओळखून त्यांच्याशी लढणारे रक्तातले घटक, नाहीशी झाली होती. लस घेतल्यावर असं पुसलं जाताना दिसलं नाही. म्हणजे गोवर टळला की त्याच्या मागून येणारा न्यूमोनिया, जुलाब, कान फुटणं हेही पुष्कळ टळतं.

माझ्या भाचीच्या मुलाचं मी डोळ्यांनी पाहिलंय. माहेर चंदगडकडचं, सासर इकडं. तिकडचं कार्ड मराठी, इकडचं तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाचं कार्ड, कन्नड. दोन्ही ट्रंकेत पडून राहिली आणि नववा महिना उसाच्या गडबडीत निघून गेला. अकराव्या महिन्यात गोवर आला. पुरळ गेलं, पण लगेच छाती भरली, मग जुलाब लागले. वर्षभर ते पोर सारखं आजारी. आंघोळ घालताना फासळ्या मोजता यायच्या. मी स्वतः आशा असून ते कार्ड वेळेवर बघितलं नाही, हे मला अजून लागतं.

म्हणून आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. नऊ महिने पूर्ण व्हायला हवेत: जन्म १५ जूनचा असेल तर १५ मार्च. त्यानंतरच्या पहिल्या लसीच्या दिवशी बाळाला न्यायचंच. ह्याच सुईचा, म्हणजे गोवर-रुबेलाचा, दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांच्या मध्ये, तीही खूण आत्ताच करून टाका. पहिल्या डोसाबरोबर अ जीवनसत्त्वाचं औषध तोंडानं देतात, ते घेतल्याशिवाय उठू नका. सर्दी किंवा किरकोळ ताप असला म्हणून परत फिरू नका, नर्सबाईंना दाखवा, त्या ठरवतील. सुईनंतर अर्धा तास तिथंच बसा.

दोन राज्यांत ये-जा असेल तर दोन्ही कार्डं एकाच पिशवीत ठेवा आणि प्रत्येक पानाचा फोटो मोबाईलवर काढा. कन्नड वाचता येत नसेल तर लाजू नका. पुढच्या सुईचं नाव आणि तारीख समासात मराठीत लिहून घ्या. मी तर नेहमी लाल पेनानं लिहून देते. माहेरी असताना तारीख आली तर तिथल्या सरकारी दवाखान्यात घ्या, लस तिथंही फुकटच मिळते.

बीसीजीचंही विचारतात. ती क्षयाची लस; लहान मुलांना मेंदूच्या क्षयापासून राखते, कुष्ठरोगापासूनही काही प्रमाणात. गिनी-बिसाऊमध्ये कमी वजनाच्या बाळांना जन्मताच ती दिल्यावर पहिल्या महिन्यातले मृत्यू घटले. पण दक्षिण भारतात दुसऱ्या जातीची बीसीजी देऊन पाहिली तेव्हा तसा फायदा दिसला नाही, आणि कोविडमध्येही आरोग्य कर्मचाऱ्यांना तिनं वाचवलं नाही. तेव्हा बीसीजी झाली, आता पेंटाची काय गरज, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. घटसर्प आणि डांग्या खोकल्याला पेंटाच लागते, तीही ६, १० आणि १४ आठवड्यांनी. बीसीजीच्या जागी फोड येऊन फुटतो, त्यावर हळद, राख काही लावायचं नाही.

नववा महिना चुकलाच असेल तरी गोवराची सुई पाच वर्षांपर्यंत देतात. ट्रंक उघडा, कार्ड काढा आणि येत्या गुरुवारी घेऊन या.