पसंतीक्रम भरताना शेजारी कोणी नको

यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेचे टप्पे पूर्व, मुख्य, मुलाखत, मुख्यचे १७५० अधिक मुलाखतीचे २७५ गुण हे तुम्हाला पाठ असेलच. माझं एक वर्ष गेलं ते सेवांच्या पसंतीक्रमाच्या फॉर्मपायी, तेवढंच सांगते.

मुख्य परीक्षेचा निकाल लागला होता, मुलाखत बाकी होती. नागपूरच्या धरमपेठेतल्या घरी रात्री फॉर्म भरत बसले होते. आई शेजारी संत्री सोलत होती. ‘आयकर वर टाक, त्याचं ट्रेनिंग इथंच होते म्हणते.’ मार्गदर्शक सरांना फोन लावला, तर ते म्हणाले, ‘परराष्ट्र खाली ठेव, मुलींना झेपत नाही.’ मी आयएएस, आयकर, आयपीएस आणि मग परराष्ट्र सेवा असा क्रम दिला.

आता नीट वाचा. ही यादी वरून खाली वाचतात. तुमच्या रँकला आणि प्रवर्गाला वरून पहिली जी सेवा मिळू शकते ती देतात आणि तिथंच थांबतात. ‘रँक चांगली आली तर परराष्ट्र देतीलच’ असं काही नसतं. तुमच्या मनात काय होतं हे कोणी विचारत नाही. माझी रँक आयएएसला पुरली नाही, पण परराष्ट्रला पुरत होती. माझ्या मागच्या रँकवाल्यांना ती मिळाली, मला आयकर. प्रशिक्षण छिंदवाडा रोडवरच्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत. आईचा डबा तिथं गरम पोचायचा. सेवा चांगलीच आहे हो, चूक माझी होती.

आयकरात असताना पुन्हा परीक्षा देऊन परराष्ट्र सेवेत येता आलं म्हणून वाचले. उलटं केलंत तर तीही सोय नाही. आयएएस किंवा परराष्ट्र सेवेत रुजू झालात की त्या सेवेत असेपर्यंत परत बसता येत नाही. तेव्हा नुसत्या रुबाबासाठीही परराष्ट्र वर टाकू नका.

‘झेपत नाही’ म्हणणाऱ्या सरांना सी. बी. मुथम्मा माहीत नसाव्यात. परराष्ट्र सेवेतल्या त्या पहिल्या बाई, १९४९ मध्ये आल्या. तेव्हा या सेवेतल्या बाईला लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी लागायची. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ चा निकाल जरूर वाचा. जे कधी परदेशात राहिले नाहीत, त्यांना परराष्ट्र सेवेबद्दल विचारूच नये, असं माझं आपलं मत.

इंग्रजीचं भय मात्र सोडा. उत्तरं मराठीत लिहिता येतात, मुलाखतही मराठीत देता येते. खरी कसोटी नंतर लागते. मसुरीचं आणि दिल्लीतल्या सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेतलं प्रशिक्षण झालं की एक परकी भाषा गळ्यात पडते, आणि तिची परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी कायम होत नाही. मला अरबी मिळाली, कैरोत. ‘ऐन’ हे अक्षर घशाच्या तळातून काढावं लागतं. महिनाभर मी आरशासमोर नुसती खाकरत होते. दोनदा रडले. जमलं.

राजदूतपद फार लांब, वीसेक वर्षं तरी धरा. तोवर वकिलातीचं काउंटर. आखातातल्या माझ्या पहिल्या नेमणुकीत एक गोंदियाचा गवंडी आला. पासपोर्ट मालकानं ठेवून घेतलेला, हातात फक्त जुनी झेरॉक्स. भारतात परतण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट करून दिलं. त्यानं ते चार घड्या घालून खिशात ठेवलं, दारापर्यंत गेला आणि मागे वळून म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही नागपूरच्या काय? बोलण्यावरून वाटून राह्यलं.’