तीन रात्रींची क्रूझ, अठरा डेकचं जहाज: आईवडिलांना घेऊन जाताना

फ्लोरिडात राहत असल्यामुळे भारतातून कुणाचे आईवडील आले की मला हमखास फोन येतो. "त्यांना क्रूझला न्यायचंय, पण आठवडाभर रजा मिळत नाही. तीन रात्रींत काय पाहून होणार?" मी दर वेळी एकच सांगते. भरपूर होतं, पण बेत जहाजाभोवती आखा, बंदरांभोवती नको. एवढ्याशा सफरीत दोन्ही बंदरं पिंजून काढायचा ध्यास घेतलेली मंडळी दमून परततात आणि जहाज बघायचं राहूनच जातं.

मी सांगतेय ते रॉयल कॅरिबियनच्या 'युटोपिया ऑफ द सीज' या जहाजाबद्दल. फ्रान्समध्ये सँ-नाझेरच्या गोदीत बांधलेलं हे जहाज जुलै २०२४ मध्ये प्रवासी घेऊन निघालं. लांबी ३६२ मीटर, अठरा डेक म्हणजे मजले, आणि एका केबिनमध्ये दोघं धरली तरी ५,६६८ प्रवासी. एवढं मोठं नवं जहाज सहसा आठवडाभराच्या सफरींना लावतात. हे सुरुवातीपासून छोट्या सफरींसाठी ठेवलं. ऑरलँडोजवळच्या पोर्ट कॅनाव्हरलहून शुक्रवारी निघून सोमवारी सकाळी परत, नाहीतर सोमवारी निघून शुक्रवारी परत. वाटेत बहामाजमधलं नासाउ शहर आणि कंपनीचं स्वतःचं कोकोके बेट. तीन रात्रींच्या सफरीत नुसता समुद्रावरचा असा दिवस मिळत नाही, चार रात्रींच्या सफरीत मिळतो. रजेचे आणखी दिवस मिळवता आले तर वृद्ध माणसांसाठी चार रात्रीच घ्या.

तिकिटाआधी पासपोर्ट

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण आधी हेच वाचा. जहाज अमेरिकेतून सुटून अमेरिकेतच परत येत असलं तरी तुम्ही देशाबाहेर जाऊन परत आत येताय. आईवडिलांचा व्हिजिटर व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा हवा आणि त्याची मुदत शिल्लक हवी. बहामाजला जाऊन आल्यावर मुक्कामाचे सहा महिने नव्याने मोजले जातील, असं गृहीत धरू नका. परतल्यावर आय-९४ वरची, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या सरकारी नोंदीवरची, मुक्कामाची तारीख उघडून बघा.

त्याहून मोठा धोका आपल्या पिढीला आहे. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहात, मुदतवाढीचा कागद हातात आहे, पण पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का संपलाय, असे आपल्यात कितीतरी जण असतात. 'तीस दिवसांच्या आत परत आलं तर चालतं' ही सवलत अशा लोकांना कॅनडा आणि मेक्सिकोपुरतीच आहे. बहामाजसारख्या जवळच्या बेटांसाठी ती फक्त एफ आणि जे व्हिसावरच्या विद्यार्थी-संशोधकांना मिळते. शिक्का संपलेला असेल तर क्रूझ पुढे ढकला. जराही शंका असेल तर पैसे भरायच्या आधी वकिलाशी बोला. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी बहामाजचे कागद काय लागतात, तेही क्रूझ कंपनीकडून लेखी मागून घ्या.

पाहुण्यांचा आरोग्यविमा समुद्रावर आणि बहामाजमध्ये चालतो का, हे पॉलिसी काढून वाचा. जहाजावर दवाखाना आहे, डॉक्टर आहेत, पण तिथलं बिल तुमच्या खात्यावर पडतं आणि विम्याचे पैसे नंतर तुम्हीच मागायचे असतात.

केबिन आणि खर्च

समुद्राकडची बाल्कनी सगळ्यांनाच हवी असते. या जहाजावर आणखी एक प्रकार आहे. जहाजाच्या मधोमध उघड्या आकाशाखाली सेंट्रल पार्क नावाची बाग आहे आणि काही केबिनच्या बाल्कन्या त्या बागेवर उघडतात. ज्यांना रात्री काळ्या पाण्याकडे बघून धडधडतं, त्यांना ही बाल्कनी बरी वाटते. बोट लागण्याची भीती असेल तर मधल्या भागातली, खालच्या डेकवरची केबिन घ्या. एवढं मोठं जहाज फारसं डोलत नाही, तरी वारा असला की टोकाच्या केबिनमध्ये जाणवतंच. लिफ्टपासून केबिन किती लांब आहे, हे नकाशात बघायला विसरू नका. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ३६२ मीटरचं जहाज दिवसातून चार वेळा तुडवायला लावणं बरोबर नाही.

चाकाची खुर्ची लागणार असेल तर ऐका. जहाजात चढता-उतरताना टर्मिनलवर खुर्ची आणि ढकलायला माणूस मिळतो, पण पुढचे दिवस ती खुर्ची तुमच्याकडे राहत नाही. घरची न्या किंवा भाड्याने घ्या.

दिसणाऱ्या भाड्यात कर आणि बंदराची फी मिळवा, मग टिप मिळवा. मी शेवटचं पाहिलं तेव्हा साध्या केबिनला टिप माणशी दिवसाला साडेअठरा डॉलर होती, म्हणजे चौघांचे तीन रात्रींचे २२२ डॉलर. पार्किंग दिवसांवर मोजतात आणि त्यात पहिला नि शेवटचा दिवसही धरतात. दारूचं पॅकेज एका केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने घेतलं की त्या केबिनमधल्या सगळ्या मोठ्यांना घ्यावं लागतं. त्यामुळे न पिणाऱ्या आईवडिलांची केबिन वेगळी असेल तर हा प्रश्नच येत नाही. पाणी, साधा चहा-कॉफी आणि लिंबू सरबत फुकट असतं.

बॅगेत काय

मोठ्या बॅगा पोर्टरकडे दिल्या की त्या केबिनच्या दाराशी यायला कधी कधी संध्याकाळ होते. म्हणून खांद्यावरच्या पिशवीत सगळी औषधं, पासपोर्ट, पोहायचे कपडे आणि एक हलकं स्वेटर ठेवा, कारण आत एसी कडक असतो. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री आणि एक्स्टेन्शन बोर्ड चालत नाहीत, तपासणीत काढून घेतात. आपल्याकडे किटली हमखास बॅगेत जाते, म्हणून मुद्दाम सांगतेय. माझ्या सासूबाईंना सकाळी आल्याचा चहा लागतो. त्या सुंठपुडीची डबी घेऊन आल्या होत्या. बुफेतलं गरम पाणी, दोन टी-बॅग, दूध आणि चिमूटभर सुंठ. सोळाव्या डेकवर काचेला लागून बसून, खाली पाणी बघत त्यांनी तो कप संपवला आणि लगेच दुसरा करून मागितला. चिवडा, भडंग, चकली असं बंद पाकिटातलं खाणं न्यायला हरकत नसते. ताजी फळं न्यायची तिथे गरज नाही आणि परत आणायची तर मुळीच नाहीत.

पहिला दिवस अर्धा समजू नका

कंपनीच्या अॅपवर साधारण दीड महिना आधी चेक-इन उघडतं आणि टर्मिनलवर पोहोचायची वेळ निवडता येते. उघडल्या उघडल्या सगळ्यात लवकरची वेळ घ्या. जहाज दुपारी उशिरा सुटत असलं तरी अकराच्या सुमारास आत जाता येतं, आणि तीन रात्रींच्या सफरीत हे पाच तास फार मोलाचे आहेत. विमानाने येणार असाल तर आदल्या दिवशीच ऑरलँडोला या. विमानतळापासून बंदर तासाभराच्या अंतरावर आहे, पण विमानाला उशीर झाला तर जहाज कुणासाठी थांबत नाही.

आत गेल्यावर सगळे बुफेकडे धावतात. तुम्ही आठव्या डेकवरच्या पार्क कॅफेत जा. फुकटच आहे आणि गर्दी कमी असते. मग सुरक्षेचं काम उरकून टाका. फोनवर चित्रफीत बघायची आणि नेमून दिलेल्या जागी जाऊन हजेरी लावायची. दहा मिनिटांचं काम आहे आणि ते सक्तीचं आहे. आईवडिलांना त्या जागेपर्यंतची वाट नीट दाखवून ठेवा. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे धोक्याचा इशारा, लगेच त्या जागी जायचं, हेही मराठीत समजावून सांगा. इंग्रजी सूचना गोंगाटात त्यांच्या कानात शिरत नाहीत.

त्याच दुपारी मुलांना घसरगुंड्या आणि कृत्रिम लाटांवर सोडा. केबिन उघडेपर्यंत बरेच प्रवासी जेवणात अडकलेले असतात, त्यामुळे रांगा छोट्या असतात. आणि बंदर सुटायच्या आधी सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर टाका, समुद्रावरचं रोमिंग फार महाग पडतं. वायफाय हवं असेल तर पॅकेज घरूनच घ्या, जहाजावर ते महाग मिळतं.

कार्यक्रमांच्या जागाही अॅपवरच राखून ठेवा. जहाजाच्या मागच्या टोकाला उघडं जलनाट्यगृह आहे. तिथे सूर मारणारे कलाकार बऱ्याच उंचीवरून खोल टाकीत उतरतात, आणि माझ्या मते अख्ख्या जहाजावर बघण्यासारखी हीच एक गोष्ट अशी आहे की जी चुकवू नये. वारा वाढला की हा खेळ रद्द होतो. म्हणून पहिल्या रात्रीची जागा मिळाली तर तीच घ्या. रद्द झाला तर पुढच्या रात्री आशा राहते. जागा भरलेल्या दिसल्या तरी जाऊन उभे राहा. सुरू व्हायच्या थोडं आधी रिकाम्या खुर्च्या रांगेतल्यांना देतात.

जेवण

पहिल्या रात्री मुख्य भोजनगृहात तुमच्या टेबलाच्या मुख्य वेटरला सांगा की आम्ही शाकाहारी आहोत, उद्या भारतीय जेवण मिळेल का. दुसऱ्या दिवशी डाळ, भाजी, भात, पोळीच्या जवळ जाणारं काहीतरी येतं. जैन जेवण किंवा कांदा-लसणाशिवायचं हवं असेल तर आरक्षणानंतर लगेच कंपनीला कळवा, जहाजावर पोहोचून सांगणं फार उशिराचं आहे. कर्मचाऱ्यांच्या छातीवरच्या पट्टीवर नावाखाली देश लिहिलेला असतो. गोव्याची आणि मुंबई-कोकणातली मुलं क्रूझवर नोकरीला खूप आहेत. आम्हाला वाढणारा मुलगा मडगावचा निघाला. सासऱ्यांनी मराठीत विचारपूस सुरू केली, त्याने कोकणीमिश्रित मराठीत उत्तरं दिली, आणि त्यानंतर रोज त्यांच्या ताटात न मागता लोणचं येत होतं. ही मुलं महिनोन्‌महिने घरापासून लांब असतात. दोन वाक्यं आपल्या भाषेत बोला.

नासाउ की जहाज?

बेत इथे ठरतो. नासाउत जहाज लागलं की निम्मी गर्दी खाली उतरते आणि पोहण्याचे तलाव, गरम पाण्याच्या टाक्या, लिफ्टसुद्धा मोकळ्या होतात. चालायला त्रास असलेल्यांनी या दिवशी जहाजावरच राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना उतरायचं आहे त्यांनी सकाळी लवकर उतरून दोन-तीन तासांत परत यावं. टॅक्सीवाल्यांच्या गराड्यातून पुढे निघालात की चालत वीसेक मिनिटांवर क्वीन्स स्टेअरकेस आहे. गुलाम केलेल्या माणसांकडून १७९३-९४ मध्ये चुनखडीचा अख्खा कडा फोडून हा जिना खोदवला गेला. पायऱ्या सहासष्ट सांगतात. सासऱ्यांनी मोजल्या तर पासष्ट भरल्या. तळाची एक रस्त्याच्या फरसबंदीखाली गेलीय. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर हात ठेवला तर दगड ओला आणि गार लागतो. वर फोर्ट फिनकॅसल हा छोटा किल्ला आहे. बहामाजचा डॉलर अमेरिकी डॉलरच्या बरोबरीने चालतो, पैसे बदलायची गरज नाही.

कोकोकेला मात्र सगळ्यांनी उतरावं. जहाज थेट धक्क्याला लागतं, होडीत उतरावं लागत नाही. बेटावर फिरायला ट्रॅम आहे. वाळूचे किनारे, मोठा गोड्या पाण्याचा तलाव आणि दुपारचं जेवण हे सगळं भाड्यात येतं. पाण्याच्या घसरगुंड्यांचा पार्क आणि फक्त मोठ्यांसाठीचा किनारा यांचे पैसे वेगळे. छोट्या सफरीत पार्कचं तिकीट काढायची घाई करू नका, जहाजावरच्या घसरगुंड्या फुकट आहेत. तलावाजवळच्या आणि सावलीतल्या खुर्च्या दहाच्या आत भरतात, म्हणून नाश्ता उरकून लगेच खाली या. जून ते नोव्हेंबर वादळांचे महिने. त्या दिवसांत कप्तान बंदरांचा क्रम बदलू शकतो किंवा एखादं बंदर गाळू शकतो. सप्टेंबर-ऑक्टोबरातलं तिकीट बरेचदा स्वस्त असतं, त्याचं हेही एक कारण.

संध्याकाळी सगळे आंघोळीला आणि आवरायला गेलेले असताना आईवडिलांना सेंट्रल पार्कमध्ये बसवा. झाडं खरी आहेत का, हे बघायला सासूबाईंनी एक पान अंगठा आणि बोटात धरून चोळलं, मग बोटांचा वास घेतला. त्या बाकावर त्या तासभर बसल्या, ज्या बाईंना घरी पाच मिनिटं स्वस्थ बसवत नाही.

उतरण्याची सकाळ

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, किंवा स्वतः उचलून नेणार असाल तर सकाळी सगळ्यांच्या आधी उतरता येतं. सोबत वृद्ध असतील तर बॅगा बाहेर ठेवा, औषधं आणि पासपोर्ट मात्र जवळ. अमेरिकी नागरिक चेहरा दाखवून झटपट बाहेर पडतात, पाहुण्यांना अधिकाऱ्यासमोर थोडा वेळ लागू शकतो. त्यांच्यासोबत एकाने थांबा. परतीचं विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊ नका.