‘उणे’ म्हणजे काय, ताई? : साताऱ्यात शब्बाथशाळा शिकवायला लागणाऱ्यांसाठी

शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या मुलांच्या रविवारच्या शाळेत, शिकवायला लागून मला या जूनमध्ये सोळा वर्षं झाली. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, साताऱ्यातली, बेताची. रविवारी पस्तीस-चाळीस मुलं येतात. दर वर्षी आमचे पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, दोन-तीन नव्या शिक्षकांना माझ्याकडे पाठवतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘ताई, पुस्तक कोणतं वापरायचं?’ पुस्तकाचं नंतर बघू. मला आधी भाषेबद्दल बोलायचं असतं, कारण मी स्वतः तिथेच अडखळले होते.

पहिल्या वर्षी मी तिसरी-चौथीच्या मुलांकडून बायबलातलं तेविसावं स्तोत्र पाठ करून घेतलं : ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे; मला काही उणे पडणार नाही.’ चार रविवार लागले. मुलांनी मंडळीपुढे ते खणखणीत म्हटलं, आयांचे डोळे भरून आले, मीही खूश. पुढच्या रविवारी तिसरीतल्या एका मुलाने हात वर केला. ‘ताई, मला काही उणे पडणार नाही म्हणजे मला वजाबाकी येणार नाही का?’ त्याच्या गणिताच्या पुस्तकात पाच उणे दोन बरोबर तीन असं होतं. शेजारची मुलगी इंग्रजी माध्यमातली. ती म्हणाली, ‘मला तर उणे हा शब्दच माहीत नाही.’ महिनाभर मी त्या लेकरांच्या तोंडात शब्द घालत होते आणि आत काहीच पोहोचलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन मी रडले, हे खरं सांगते.

मग सुचलं की मेंढपाळ दाखवायला आपल्याला चित्राची काय गरज? दिवाळीनंतर माण, खटाव, फलटणकडचे धनगर कळप घेऊन बाहेर पडतात आणि वाटेत लोकांच्या रानात मेंढ्या बसवतात. शेतकऱ्याला खत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे. पालकांची परवानगी घेऊन, दोन आयांना सोबत घेऊन आम्ही गावाबाहेरच्या एका रानात गेलो. वाड्यावर, म्हणजे त्यांच्या तळावर, एक म्हातारे धनगरमामा होते. मुलांनी विचारलं, ‘एवढ्या मेंढ्यांतली एक हरवली तर कळतं का?’ मामा म्हणाले, ‘सांजच्याला मोजायचं. एक उणं आलं की पुन्हा मोजायचं. तरी उणंच आलं तर कंदील घेऊन जायचं.’ माझा तो वजाबाकीवाला मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी एक शब्दही बोलले नाही. तो शब्द पुस्तकात नव्हता, माणसाच्या तोंडात होता, आणि आता तो त्याचा झाला होता.

म्हणून नव्या शिक्षकांना मी पहिली सवय हीच लावते. गुरुवारी रात्री पुढच्या रविवारचा उतारा वाचायचा आणि मुलांना न कळणारे शब्द वहीत उतरवायचे. अनुग्रह, नीतिमान, प्रायश्चित्त, जकातदार, परावृत्त. प्रत्येकाला आपल्या घरातला, गल्लीतला शब्द शोधायचा. शब्द काढून टाकायचा नाही, कारण उद्या हीच मुलं उपासनेत तो ऐकणार आहेत. पण त्याला हात धरून घरात आणायचा. पंडिता रमाबाईंनी केडगावला राहून मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. साध्यासुध्या बायकांना समजावं हा त्यांचा ध्यास होता, आणि ते भाषांतर छापून निघालं १९२४ साली, त्या गेल्यानंतर. ज्या बाईने शेवटच्या दिवसांपर्यंत हे काम सोडलं नाही, तिचं आपण काही देणं लागतो. गुरुवारची तासभर तयारी त्यापुढे काहीच नाही.

गाण्याचंही तसंच. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा मेळा सुरू केला तो याच साताऱ्यात. अभंग, कीर्तन, टाळ हे सगळं त्यांनी ख्रिस्तासाठी वापरलं. आणि आपल्याच मुलांना कित्येकदा फक्त इंग्रजी ॲक्शन साँग येतात. ती असू देत, लहानांना उड्या मारायला आवडतात. पण कुणाच्या घरी टाळ असतील तर घेऊन या. ओळ तुम्ही म्हणायची, मुलांनी मागून म्हणायची. सहा वर्षांच्या मुलाला चाल आधी लागते, अर्थ नंतर येतो, आणि तो आयुष्यभर येत राहतो.

आता गोष्ट कशी सांगायची त्याबद्दल. बायबलातल्या जक्कय जकातदाराची गोष्ट सगळेच शिकवतात : बुटका माणूस, झाडावर चढला, येशू म्हणाला खाली ये, संपलं. आपल्या मराठी बायबलात ते झाड उंबराचं आहे. मुलांना उंबर दाखवा, पिकलेली उंबरं हातात द्या. जकातदार म्हणजे टोलनाक्यावर ठरल्यापेक्षा जास्त पैसे घेऊन वरचे स्वतःच्या खिशात घालणारा, असं सांगितलं की महामार्गाच्या कडेला वाढलेल्या मुलांना आणखी काही समजवावं लागत नाही. पण खरी गोष्ट तो झाडावरून उतरल्यावर आहे. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत, असं तो म्हणतो. सहावीतल्या एकाने विचारलं, ‘मग त्याचे पैसे संपले असतील ना?’ आम्ही फळ्यावर मांडलं. समजा, त्याच्याकडे १००० रुपये होते. ५०० गरिबांना गेले, ५०० उरले. चौपट द्यायचे म्हणजे १२५ रुपये लुबाडले असले तरी ते पाचशेही संपले. म्हणजे आठव्या हिश्शापेक्षा जास्त संपत्ती लबाडीची असेल, तर जक्कय कर्जबाजारी झाला! वर्ग गप्प झाला. मग एक मुलगी हळूच म्हणाली, ‘आणि तरी तो आनंदात होता.’ हे वाक्य मी शिकवलं असतं तर उपदेश झाला असता.

किशोरवयीन मुलांचा वर्ग अवघड असतो. नववी-दहावी लागली की रविवारचे क्लास सुरू होतात आणि अर्धी मुलं दिसेनाशी होतात. जी येतात ती मागच्या बाकावर बसतात. त्यांना ‘तुमच्या वयात आम्ही असे नव्हतो’ हे वाक्य कधीही ऐकवू नका. त्यांना काम द्या : माईक सांभाळणं, नाताळात घरोघरी गाणी घेऊन जाताना पेटी-ढोलकी, अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांना जाऊन वचन वाचून दाखवणं. दृढीकरणाच्या, म्हणजे मोठी झालेली मुलं आपला विश्वास स्वतः कबूल करतात त्या विधीच्या तयारीच्या, वर्गात मी पहिल्या दिवशी लूकच्या शुभवर्तमानातला बारा वर्षांचा येशू वाचते. आईवडील तीन दिवस शोधतात आणि तो मंदिरात गुरूंमध्ये बसून ऐकत असतो, त्यांना प्रश्न विचारत असतो. मग सांगते, या वर्गात प्रश्न विचारणं हीच हजेरी.

आणि प्रश्न येतात. अकरावीच्या प्रवेशाच्या दिवसांत एका मुलीने विचारलं, ‘पणजोबांच्या दाखल्यावर जी जात आहे, ती माझ्या फॉर्मवर का चालत नाही?’ मला घाम फुटला. एखादं वचन सांगून विषय बंद करता आला असता, पण ती लबाडी झाली असती. मी म्हटलं, पुढच्या रविवारपर्यंत वेळ दे. मंडळीतल्या एका निवृत्त वकीलकाकांना घेऊन आले. त्यांनी १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश समजावला : अनुसूचित जातींची सवलत तेव्हा हिंदूंपुरती ठेवली, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. मुलं चिडली. आम्ही त्यांना चिडू दिलं. मग त्या मुलीनेच बायबलातलं आमोस संदेष्ट्याचं पुस्तक काढायला सांगितलं, कारण न्यायाबद्दल देव चिडतो हे तिने तिथे वाचलं होतं. श्रद्धेला असे तास लागतात.

एक गोष्ट मात्र सौम्यपणे सांगण्यासारखी नाही. कोणत्याही मुलासोबत बंद खोलीत एकटं थांबायचं नाही. दार उघडं, मोठी माणसं किमान दोन. सहलीला गेलात तर प्रत्येक मुलाच्या पालकाची लेखी परवानगी. आणि एखाद्या मुलाने लैंगिक छळाबद्दल काही सांगितलं, तर ‘मंडळीचं नाव जाईल’ म्हणून ते झाकायचं नाही. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. मुलांची हेल्पलाइन १०९८ हा नंबर आमच्या वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेला आहे. तुमच्याही लावा.

ज्यांना हेच आयुष्याचं काम करायचं आहे त्यांच्यासाठी पुणे जवळ आहे. यवतमाळहून पुण्यात आलेलं युनियन बिब्लिकल सेमिनरी हे धर्मशिक्षणाचं महाविद्यालय तिथेच आहे, बंगालमधल्या सेरामपूरच्या सेनेटच्या धर्मशास्त्राच्या पदव्या तिथे घेता येतात, आणि ख्रिस्ती शिक्षण हा रीतसर अभ्यासाचा विषय आहे. पण जाण्याआधी दोन वर्षं कुठल्यातरी छोट्या मंडळीत लहानांचा वर्ग घ्या. तिथे शिकलेलं वर्गात बसून मिळत नाही.

पहिल्या रविवारी शिकवू नका. मागे सतरंजीवर मुलांत बसा आणि नावं लिहून घ्या. हजेरीच्या वहीत नुसती खूण करू नका, प्रत्येकापुढे त्या दिवशी ते काय बोललं ते एका ओळीत लिहा. माझ्या वहीतलं एक पान असं आहे :

१४ जुलै २०२४. धो धो पाऊस. तिघंच आली. मोठीने छत्री धाकटीवर धरली, स्वतः भिजली. गोष्ट सांगितली नाही, गरम चहा दिला. धाकटी म्हणाली, ‘आज ताईपण आपल्यात बसली.’