वॉटर स्कीइंगसाठी हातात नीट बसणारे हातमोजे कसे निवडावेत

वॉटर स्कीइंगच्या पहिल्या दिवसानंतर पाय आणि खांदे दुखतातच, पण दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरू देत नाहीत ते तळहातावरचे फोड. पायांना स्की, म्हणजे लांब फळ्या, बांधलेल्या माणसाला स्पीडबोट पाण्यातून वर खेचते तेव्हा तो सगळा ताण दोरीच्या हँडलवरून थेट बोटांच्या मुळांशी येतो. पाण्यात भिजून कातडी मऊ पडलेली असते, आणि दिवसभर कीबोर्डवर चालणाऱ्या हातांना घट्टे कुठून असणार? गोवा किंवा मालवणची सहल ठरवली असेल, तर हातमोज्यांचं काम निघायच्या आदल्या रात्रीवर टाकू नका. पुण्यात घरी बसून, साइझ बदलून घ्यायला आठवडाभर हाताशी ठेवून ते करा.

त्याआधी एक समज बाजूला ठेवायला हवा: जाड हातमोजा म्हणजे जास्त संरक्षण. बऱ्याचदा उलटच होतं. तळहात आणि हँडल यांच्यामध्ये सुटं कापड राहिलं की मूठ आवळताच त्याची घडी पडते, आणि ती घडी कातडीवर घासत राहते. शिवाय अस्तर जाड असेल तर दांडी मुठीत जाड लागते, पकडायला जास्त जोर लावावा लागतो आणि मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू लवकर थकतात. त्यामुळे पातळ पण अंगासरशी बसणारा हातमोजा केव्हाही बरा.

आधी हात मोजा

शिंप्याची टेप घ्या. अंगठा सोडून, चार बोटांच्या मुळाशी जी हाडं वर येतात त्यांच्यावरून टेप तळहाताभोवती फिरवा आणि मूठ हलकीशी वळा. टेप रुतता कामा नये, लोंबताही कामा नये. हा झाला घेर. मग मनगटावरच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत लांबी मोजा. दोन्ही हातांची मापं घ्या आणि मोठं असेल ते धरा. टेप नसेल तर सुतळी आणि पट्टीवर भागतं. एप्रिलच्या उन्हातून गाडी चालवत आला असाल तर थोडं थांबून मोजा, उष्णतेनं हात फुगलेले असतात.

हातमोज्यांचे नंबर साधारणपणे इंचातल्या घेरावर बेतलेले असतात. घेर ८ इंच असेल तर नंबर ८, आणि तो बहुतेक ठिकाणी मीडियम धरतात. तरीही प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो, म्हणून आपली मापं त्या त्या तक्त्याशी ताडून पाहा. घेर दोन साइझच्या मधोमध आला तर लहान साइझ घ्या, कारण भिजल्यावर हातमोजा थोडा सैलावतो. घेराला एक आणि लांबीला दुसरीच साइझ निघत असेल, तर त्या कंपनीचा साचा तुमच्या हातासाठी नाही. दुसरी कंपनी पाहा.

घालून पाहताना

इथे घाई करू नका. हातमोजा घालून वेलक्रो लावा आणि हात सैल सोडा. चांगल्या स्की हातमोज्याची बोटं आधीच वळवून शिवलेली असतात, त्यामुळे सैल सोडलेला हात आपोआप अर्धवट मुठीत येतो. बोटं सपाट शिवलेली असतील तर तो हातमोजा प्रत्येक पकडीत हात उघडायला पाहणार, म्हणजे तुमच्याच ताकदीविरुद्ध काम करणार.

आता एक दांडी धरा. हँडलची दांडी साधारण इंचभर जाडीची असते, म्हणून झाडूचा किंवा मॉपचा गोल दांडा चालेल. घट्ट धरा आणि घरातल्या कुणालातरी दांडा स्वतःकडे ओढायला सांगा. मूठ न सोडता तीन ठिकाणी लक्ष द्या. तळहाताच्या मधोमध किंवा बोटांच्या मुळाशी घडी जाणवते का? बोटांच्या टोकांना कापड रिकामं राहून आत दुमडतंय का? ओढ बसल्यावर आतला हात जागेवर राहून हातमोजा एकटाच पुढे सरकतोय का? यातलं एक जरी होत असेल तर साइझ मोठी आहे.

लहान झालेला हातमोजाही लगेच कळतो. दोन बोटांच्या बेचक्यात शिवण काचते, नाहीतर बोटाचं टोक कापडावर दाबलं जातं. दोन-तीन मिनिटं मूठ आवळून ठेवा. मुंग्या आल्या किंवा बोटं पांढरी पडली तर तो परत करा. कोरडा असताना घट्ट, पण बोटं पूर्ण मिटता येतात आणि दुखत नाहीत, असा हवा.

बागेतल्या ओपन जिममध्ये बार असेल तर हातमोजे घालून काही सेकंद लटकून पाहा. झाडूच्या दांड्यावर न दिसलेली घडी अंगाच्या वजनाखाली हमखास दिसते. मात्र ही चाचणी जोडी ठेवायचं नक्की झाल्यावरच करा, डाग पडला तर परत घेणार नाहीत.

स्लॅलम, म्हणजे एकाच स्कीवरचा प्रकार, करणाऱ्यांनी एक हात तळवा खाली आणि दुसरा तळवा वर अशा पकडीत तपासावं. दोन स्कीवर शिकताना दोन्ही तळवे खालीच असतात. स्लॅलमच्या स्पर्धांत स्पीडबोटीचा वेग पुरुषांसाठी ५८ आणि महिलांसाठी ५५ किलोमीटर प्रतितासापर्यंत जातो. नवशिक्याचा वेग त्याहून बराच कमी असतो, त्यामुळे स्पर्धकांसाठीची महागडी जोडी पहिल्या सहलीला लागत नाही.

शिवण, मनगट आणि कापड

हातमोजा उलटा करून आतून बोट फिरवा. तळव्यावर, जिथे दांडी बसते तिथे, जाड शिवण नको. बोटांच्या टोकांवरची शिवण बाहेरच्या बाजूला असेल तर नखांना टोचत नाही.

मनगटाचा पट्टा हाडाच्या मागे, मनगट जिथे सर्वात बारीक असतं तिथे बसावा. तोच हातमोज्याला पुढे सरकण्यापासून रोखतो. पट्टा पूर्ण आवळूनही ढिला वाटत असेल तर उरलेला हातमोजा कितीही सुंदर बसो, उपयोग नाही. हाताला दांडीशी बांधून ठेवणारी कोणतीही सोय मात्र नवशिक्यानं घेऊ नये. पडताना हँडल तत्काळ सुटलं पाहिजे, तिथे तडजोड नाही. अंगठ्या आणि कडंही काढून ठेवा.

तळव्याला सहसा अमारा नावाचं कृत्रिम चामडं, बकरीचं चामडं किंवा केव्हलार हे मजबूत कृत्रिम धाग्याचं कापड असतं. अमारा भिजूनही मऊ राहतं आणि लवकर वाळतं, म्हणून सुरुवातीला मी तेच सुचवेन. चामड्याची पकड उत्तम, पण नीट वाळवलं नाही तर ते कडक होतं.

घरात आहेत तेच चालतील का?

दुचाकीच्या शहरात रायडिंगचे हातमोजे घरोघरी असतात, आणि तेच बॅगेत टाकावेसे वाटतात. टाकू नका. त्यांचं अस्तर पाणी शोषून जड होतं आणि आतल्या आत सरकतं. क्रिकेटचे सुती इनर भिजले की गोळा होतात. जिमच्या अर्ध्या बोटांच्या हातमोज्यांत बोटं उघडीच राहतात आणि तळव्यावरची गादी नेमकी पकडीच्या आड येते.

मुलांसाठी ‘पुढच्या वर्षीही येतील’ म्हणून एक साइझ मोठी घेऊ नका. शाळेच्या बुटांना ते चालतं, इथे फोड येतात.

वापरून झाल्यावर

समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यात दोनदा खळबळा, पिळू नका, वेलक्रो बंद करून सावलीत पंख्याखाली टांगा. ऊन चामडं आणि डिंक दोन्ही खराब करतं. पुण्याच्या पावसाळ्यात अर्धवट ओले हातमोजे पिशवीत राहिले तर बुरशी धरतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये त्यांना कपाटात कोंडू नका, हवेशीर जागी ठेवा. पुढच्या सहलीआधी झाडूचा दांडा पुन्हा धरून पाहा. तळवा पातळ होऊन घडी पडू लागली असेल किंवा पट्टा धरत नसेल, तर नवी जोडी घ्यायची वेळ झाली.