साखारोव पुरस्काराला जाताना

डिसेंबरात स्ट्रासबुर्गला जाऊन मानवाधिकारांसाठी झटणाऱ्यांना दिला जाणारा युरोपीय संसदेचा साखारोव पुरस्कार देताना प्रत्यक्ष पाहायचा, असं आपल्या पाच-सहा जणांचं ठरलंय. मी एकदा जाऊन आलोय, म्हणून तयारीचं काम माझ्याकडे आलं. तर घ्या लिहून.

आधी राहायची सोय, आणि ती आजच. स्ट्रासबुर्गचा नाताळबाजार 1570 पासून भरतोय आणि डिसेंबरात त्यापायी सगळं गाव फुललेलं असतं. संसदेचं अधिवेशन नेमकं त्याच दिवसांत येतं, म्हणजे खासदार, त्यांचे साहाय्यक, दुभाषे, पत्रकार सगळे गावात. खोल्यांचे भाव ऐकून घाम फुटेल. त्यापेक्षा ऱ्हाइनपलीकडे जर्मनीतल्या केलमध्ये राहू. 2017 पासून तिथून थेट डी ट्राम येते, मध्ये बदलून ई ट्राम धरली की संसदेच्या दारात. मात्र नदी ओलांडली की देश बदलतो, तेव्हा पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट दोन्ही मूळ प्रती जवळ हव्यात. मोबाइलमधला फोटो दाखवून आत सोडत नाहीत. प्रेक्षक सज्जातल्या जागेसाठीही आधी नोंदणी लागते, ती मी करतो. पासपोर्टवर आहे तसंच नाव मला कळवा. ‘बंडू’ चालणार नाही.

आत शिरताना विमानतळासारखी तपासणी असते. गेल्या वेळी माझ्या स्टीलच्या डब्यातली थालीपिठं पडद्यावर गोल-गोल दिसली आणि पलीकडच्या माणसाने डबा उघडायला लावला. वास घेतला, हसला, सोडलं. तेव्हा खाणं प्लास्टिकच्या डब्यात घ्या, आणि पोटात काहीतरी घालूनच निघा.

एक घोळ आधीच निस्तरतो. स्ट्रासबुर्गात युरोपीय संसद, कौन्सिल ऑफ युरोप आणि मानवाधिकार न्यायालय अगदी हाकेच्या अंतरावर आहेत. संसद 27 देशांच्या युरोपीय संघाची, तर कौन्सिल 46 देशांची आणि साफ वेगळी संस्था. चेक नेते वात्स्लाव हावेल यांच्या नावाने दिला जाणारा मानवाधिकार पुरस्कार कौन्सिलचा. आपल्याला जायचंय ते लुईझ वाइस इमारतीत, जिचा गोल मनोरा बांधकाम अर्धवट सोडल्यासारखा दिसतो. तो तसाच बांधलाय.

आता अभ्यास. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच सगळे टाळतात. निदान साखारोव कोण ते वाचून या. सोव्हिएत हायड्रोजन बॉम्बच्या शिल्पकारांपैकी एक, आणि नंतर त्याच सरकारच्या डोळ्यांत सलणारा माणूस. 1975 चं शांततेचं नोबेल घ्यायला त्यांना देशाबाहेर जाऊ दिलं नाही, म्हणून पत्नी येलेना बोनर ओस्लोला गेल्या. जानेवारी 1980 मध्ये त्यांना मॉस्कोतून हद्दपार करून गोर्की शहरात नेऊन ठेवलं. डिसेंबर 1986 मध्ये एका रात्री अचानक माणसं येऊन घरात टेलिफोन जोडून गेली आणि दुसऱ्या दिवशी त्यावर सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह बोलले : मॉस्कोला परत या. साखारोवांनी त्याच फोनवर विषय काढला तो सरकारविरोधक लेखक अनातोली मार्चेन्कोंचा, जे आठवड्याभरापूर्वीच तुरुंगात वारले होते. दोन वर्षांनी, 1988 मध्ये, हा पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिले मानकरी होते नेल्सन मंडेला आणि मरणोत्तर मार्चेन्को. म्हणजे एक कैदेत आणि एक मातीत. पहिल्याच वर्षी पुरस्काराचा स्वभाव ठरला म्हणा ना.

म्हणूनच या वर्षी कोणाला मिळालाय यासोबत तो घ्यायला कोण येणार नाही, हेही शोधून ठेवा. 2025 चे दोघे मानकरी, बेलारूसचे आंद्रेई पोचोबुत आणि जॉर्जियाच्या म्झिया अमाग्लोबेली, दोघेही पत्रकार. नावं जाहीर झाली तेव्हा दोघेही तुरुंगात होते. 2010 मध्ये क्यूबाचे गियेर्मो फारिन्यास येऊ शकले नाहीत, तर खुर्चीवर क्यूबाचा झेंडा घालून ती रिकामी ठेवली होती. तुर्कस्तानातल्या कुर्द नेत्या लेयला झाना यांना 1995 चा पुरस्कार तुरुंगातून सुटल्यावर, 2004 मध्ये हातात घेता आला.

आणि इल्हाम तोहती. बीजिंगमधले प्राध्यापक, चीनमधल्या उइघुर या मुस्लिम अल्पसंख्याक समाजातले. फेब्रुवारी 2013 मध्ये मुलीला घेऊन अमेरिकेला निघाले होते. विमानतळावर त्यांना अडवलं. अठरा वर्षांची जेव्हर एकटीच विमानात बसून गेली. पुढच्या वर्षी बापाला जन्मठेप झाली. 2019 मध्ये स्ट्रासबुर्गला पुरस्कार घ्यायला आली ती जेव्हरच. 2023 मध्ये, इराणी पोलिसांच्या कोठडीत असताना जीव गेलेल्या महसा अमिनीच्या आईवडिलांना आणि भावालाही तेहरानच्या विमानतळावरच रोखलं, पासपोर्ट काढून घेतले, आणि वकील सालेह निकबख्त आले. आपण पासपोर्ट विसरू नका म्हणून एकमेकांना चार-चार मेसेज करतोय, आणि इथे हे.

निवड कशी होते तेही डोक्यात असू द्या, म्हणजे उगाच भारावून जाणार नाही. साधारण सप्टेंबरात खासदारांचे गट, किंवा किमान 40 खासदार मिळून, नावं सुचवतात. परराष्ट्र आणि विकास समित्या त्यातून तीन नावं काढतात आणि ऑक्टोबरात गटनेते व संसदेच्या अध्यक्षा एक निवडतात. रक्कम 50,000 युरो. प्रत्येक गट आपल्या सोयीचं नाव रेटतो, हे उघड आहे. म्हणून बाद झालेली दोन नावंसुद्धा वाचा. मला तर कधीकधी तीच जास्त बोलकी वाटतात. ऑंग सान स्यू ची यांना 1990 मध्ये मिळाला, त्यांनी तो 2013 मध्ये येऊन स्वीकारला, आणि रोहिंग्यांच्या प्रश्नावरून 2020 मध्ये संसदेने त्यांना मानकऱ्यांच्या मंडळातून बाजूला केलं. यावर जेवताना वाद होणारच आहे, तयारीने या. आपल्या ओळखीचं नाव म्हणजे 1994 च्या तसलिमा नसरीन. त्यांच्यावरून तर होणारच.

सज्जात प्रत्येक जागेला हेडफोन असतो. संसदेच्या 24 अधिकृत भाषा, त्यात मराठी अर्थातच नाही, तेव्हा इंग्रजी किंवा जर्मन लावा. माझा सल्ला, एक कान उघडा ठेवा. दुभाष्याचा आवाज वाक्यभर मागून येतो. बोलणारा थांबलेला असतो आणि कानात अजून बोलणं चालू असतं. मूळ आवाज कुठे अडखळला ते उघड्या कानालाच कळतं. खाली खासदार उठून टाळ्या वाजवतील, पण सज्जातल्या पाहुण्यांनी काय करायचं ते तिथले कर्मचारी सांगतील, तसंच करायचं. फोन बंद.

कपडे गरम, बूट पाण्यात चालणारे. पाऊस नाहीतर चिखल, दोन्हीपैकी एक नक्की.

परतीला ट्रामचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात पंच करून मगच चढायचं. डब्यात यंत्र नसतं. आणि जाताना झोपलात तर संसदेच्या पुढच्या थांब्यावर जाग येईल. त्या थांब्याचं नाव ‘मानवाधिकार’ आहे. तिथे उतरून मागे चालत या, पाच-दहा मिनिटं लागतील.