सूर राहू द्या, आधी उठायला शिकवा

शाळेत नव्यानं रुजू झालात, मुख्याध्यापकांनी खो-खोचा संघ तुमच्या गळ्यात घातला, आणि मुली पहिल्याच दिवशी विचारतात, "बाई, खांबावरचा सूर कधी?" म्हणजे खांब धरून अंग पुढे झोकून गड्याला, पळणाऱ्या प्रतिस्पर्धी खेळाडूला, हात लावणं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला आणि प्रियांका इंगळे, प्रतीक वाईकर या कर्णधारांचे भारताचे महिला आणि पुरुष संघ जिंकले, तेव्हापासून तर पाचवीतलीलाही सूरच हवा असतो. तो खेळ मॅटवर होता. आमच्या मैदानावर मुरूम आहे.

बावीस वर्षं मी खो-खो शिकवते आहे. पहिले आठ दिवस माझ्याकडे फक्त बसणं आणि उठणं असतं. पालक हसतात. हसू द्या.

आठ जणी पाटीवर, म्हणजे दोन खांबांमधल्या पट्ट्यावर, आळीपाळीनं उलट तोंडं करून बसतात, नववी पाठलाग करते. नऊ मिनिटांच्या डावात एकेकीला किती वेळा उठावं लागतं ते एकदा मोजून बघा. दर उठण्याला एक पाऊल वाया गेलं तर बाकीचं काहीही शिकवा, गडी हाताला लागत नाही. नवी मुलगी बसते ती शेकोटीला बसल्यासारखी: टाचा टेकलेल्या, हात गुडघ्यांवर. तिला चवड्यांवर आणा, एक पाय जरा मागे, बोटं पुढे जमिनीला. मग मागून जाऊन दोन बोटांनी पाठीवर हलकेच दाबा. वजन पुढे असेल तर ती सहज पुढे झुकते. टाचांवर असेल तर पोत्यासारखी जागच्या जागी राहते. हे तोंडानं दहादा सांगण्यापेक्षा बोटांनी एकदा कळतं.

पुढची अडचण म्हणजे खो मिळण्याआधीच उठणं. हा फाऊल मुलींच्या अंगात असतो, कारण त्या पावलांच्या आवाजावर उठतात. त्यावर आमचा एक खेळ आहे. मी मागून पळत जाते आणि हात न लावता ओरडते, "खोबरं!" पुढचीला नुसता हात लावते, बोलत काहीच नाही. तिसरीला हात आणि "खो" दोन्ही एकदम. तिसरीनंच उठायचं. पहिल्या दिवशी अख्खी पाटी उठते आणि हसून हसून लोळते. चार दिवसांत मात्र कान आणि पाठ एकत्र काम करायला लागतात. शिवाय खो देणारीलाही कळतं की शब्द आणि स्पर्श एकाच क्षणी पडले पाहिजेत.

इथपर्यंत आलं की लगेच गडी पळवा. आमची सवय अशी की वीस वेळा उजवीकडे उठायचं, मग वीस वेळा डावीकडे. कवायतीला ते छान दिसतं, सामन्यात कामाला येत नाही. उठताना खांदा ज्या बाजूला वळला ती दिशा पक्की, मध्येच मागे फिरता येत नाही. म्हणजे उठण्याआधीच ठरलेलं पाहिजे. मी एका मुलीला समोर मनाला येईल तसं पळायला लावते आणि बसलेलीला अधूनमधून विचारते, "कुठंय ती?" उत्तर द्यायला मान वळवावी लागली तर ती बघत नव्हती. सुरुवातीला चुका खूप होतील. होऊ द्या, अशा सरावात शिस्त दिसत नाही पण खेळ शिकला जातो.

आता तुमच्या तोंडाबद्दल. मी पूर्वी मैदानभर ओरडत असे: कोपर, गुडघा, मान, खाली बघू नको. मग एका सत्रापुरते पाच चिंचोके खिशात ठेवायला लागले. एक चूक सुधारली की एक चिंचोका टाकून द्यायचा. संपले की गप्प. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत खिसा रिकामा झाला. हल्ली एखाद दुसरा घरी परत येतो. चूक दिसली की तीन वेळा होऊ द्यावी, मग तिलाच विचारावं. "काय झालं गं?" "बाई, माझा पाय आधीच निघाला." तिनं स्वतः सांगितलेली चूक दुसऱ्या दिवशी कमी होते, मी सांगितलेली होत नाही. हा माझा अनुभव आहे, तुमचा वेगळा असू शकेल.

पळतीबद्दल थोडक्यात: एकेरी साखळी, म्हणजे बसलेल्यांमधून एकेकीला वळसा घालत नागमोडी जाणं, आधी चालत, मग पळत. हुलकावणी मात्र आपोआप येते, ती फार शिकवत बसू नका.

आणि सूर. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी सातवीतल्या एका मुलीला आठवड्याभरात खांबावर झेपायला लावलं. हनुवटी मुरमावर आली, तीन टाके पडले. चूक सर्वस्वी माझी होती, पडायला न शिकवता मी तिला उडायला सांगितलं होतं. तेव्हापासून क्रम असा: खांबाजवळची जमीन खणून भुसभुशीत करायची, वर जुन्या गाद्या. गुडघ्यांवरून पुढे, हनुवटी वर, आधी हात आणि छाती, पंधरा-वीस वेळा. मग खांबाशी उभं राहायचं, एका हातानं खांब धरायचा आणि पाय खांबाच्या बुंध्याशी ठेवून दुसरा हात लांबवत झुकायचं. इथं मी समोर हातरुमाल धरते. "कोपर सरळ कर" म्हटलं की अंग आखडतं, "रुमाल ओढ" म्हटलं की सगळं अंग आपसूक लांब होतं. रोज रुमाल वीतभर मागे. मग तीन पावलं चालत, मग पळत, आणि सगळ्यात शेवटी पळता गडी. माझ्याकडे याला दोन महिने लागतात. तुमची स्पर्धा त्याआधी असेल तर यंदा सूर नाही, असं मुलींना स्पष्ट सांगा. रुसतील.

सामन्याच्या आदल्या दिवशी नवीन काही घेऊ नका. पाटीवर बसवा, दोन फेऱ्या खोबरं-खो खेळा आणि सगळ्यांची नखं बघा.