एअर अॅम्ब्युलन्स ठरवताना विमानाआधी काय तपासायचं

रुग्णाला मुंबईत हलवायचं ठरलं की घरचे विचारतात, "विमान किती वाजता येईल?" त्याआधी मुंबईतली आयसीयूची खाट पक्की करा. तिथल्या डॉक्टरांशी इथल्या डॉक्टरांनी स्वतः फोनवर बोलावं आणि खाट राखून ठेवल्याचं लेखी मागून घ्यावं. खाटेविना विमान उतरलं, तर रुग्ण रस्त्यावरच्या अॅम्ब्युलन्समध्ये अडकतो.

मग बुकिंग. फोन उचलणारा बऱ्याचदा दलाल असतो, विमान दुसऱ्याचं. म्हणून थेट विचारा: विमान कुणाचं, डीजीसीएचा (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी यंत्रणा) परवाना कुणाच्या नावावर, व्हीटीने सुरू होणारा विमानाचा नोंदणी क्रमांक काय, विमान या घडीला कुठे उभं आहे? सोबत येणारे डॉक्टर आयसीयूचे आहेत का? गोलमाल उत्तर आलं तर आगाऊ पैसे देऊ नका.

उड्डाण हुकतं ते बहुतेक वेळा जमिनीवर. डिस्चार्जचं बिल, विम्याची मंजुरी, डिस्चार्ज समरीवरची सही यात दोन-तीन तास सहज जातात. वैमानिकांच्या ड्युटीचे तास मात्र ते हजर झाल्यापासून मोजले जातात आणि लहान गावच्या अनेक धावपट्ट्यांवर रात्रीची सोय नसते. त्यामुळे बिल आदल्या रात्रीच मिटवा. विमानाऐवजी मुंबईत जुहूला उतरणारं हेलिकॉप्टर घेणार असाल, तर ते बहुतांशी उजेडात आणि स्वच्छ हवेतच उडतं. जून ते सप्टेंबरमध्ये त्यावर भिस्त ठेवू नका.

सांताक्रूझच्या विमानतळावरच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते. गर्दीत किंवा मुसळधार पावसात विमान घिरट्या घालतं, कधी पुण्याला वळवावं लागतं. पुण्याहून मुंबईला रस्त्याने यायला चार तास धरा आणि तेवढा ऑक्सिजन आधीच मोजून ठेवा.

हिशेब सोपा आहे. मिनिटाला लागणारे लिटर गुणिले खाटेपासून खाटेपर्यंतची मिनिटं, आणि आलेल्या आकड्याची दुप्पट. मिनिटाला ८ लिटर, चार तास, म्हणजे १,९२० लिटर. दुप्पट केल्यावर ३,८४०. बी टाइपच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर मावतात, म्हणजे तीन हवेत. काही व्हेंटिलेटर स्वतः चालायलाही गॅस खातात, तो भाग डॉक्टरांकडून वेगळा मोजून घ्या. 'फुल आहे' हे ऐकून थांबू नका, गेजचा काटा पाहा: १० लिटरची बाटली आणि १५० बारचा दाब असेल तरच १,५०० लिटर (१० गुणिले १५०). सोबत सिलिंडरची चावी आणि जादा वॉशर घ्या. दहा रुपयांचा वॉशर नसला, तर रेग्युलेटरपाशी गॅस गळत राहतो.

केबिनमधली हवा आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होऊ शकते. शरीरात अडकलेली हवा तेव्हा सुमारे एक तृतीयांशाने फुगते. छातीत हवा साठली असेल (न्यूमोथोरॅक्स), तर उड्डाणाआधी छातीची नळी बसवलेली हवी. श्वासनलिकेतल्या नळीभोवतीच्या हवेच्या फुग्याचा (इंग्रजीत cuff) दाब वर गेल्यावर पुन्हा मोजायचा. तो २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका असावा. आतड्याच्या किंवा मेंदूच्या ताज्या शस्त्रक्रियेनंतर कमी उंचीवरून न्यायला सांगता येतं. इंधन जास्त जातं, म्हणून हे बुकिंग करतानाच बोला.

सर्वांत धोक्याचा क्षण स्ट्रेचर बदलण्याचा. नॉरअॅड्रिनॅलिनचा (रक्तदाब टिकवणारं औषध) पंप तेवढ्यात बंद पडला, तर मिनिटभरातच रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून दुसरी सिरिंज भरून, लेबल लावून ठेवा आणि पंपाची बॅटरी पूर्ण चार्ज करा. उचलण्याआधी एकाने नळी, एकाने पंप, एकाने सलाइन धरायचं हे मोठ्याने ठरवा.

सीटीची सीडी, औषधांच्या वेळा आणि रक्तगट लिहिलेला कागद रुग्णाच्या सामानात टाकू नका. सोबतच्या डॉक्टरांच्या हातात द्या. मुंबईच्या आयसीयूत रुग्ण तिथल्या व्हेंटिलेटरवर स्थिर होऊन ताबा घेतल्याची सही होईपर्यंत त्यांनी तिथून हलायचं नाही, हेही आधीच ठरवून घ्या.